बिंगची फीत

मार्च 1947 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत बिंग क्रॉस्बी पाच वर्षांपूर्वीचं आपलंच एक गाणं पुन्हा गायला उभा राहिला. वाद्यवृंद तोच, जॉन स्कॉट ट्रॉटरचा. मागे गाणारी मंडळीही तीच, केन डार्बीची. चाल, लय, थांबे सगळं जुनंच ठेवायचं होतं, आणि काहीही नवं होऊ नये याचीच त्या दिवशी सगळे काळजी घेत होते. 'व्हाइट ख्रिसमस'चं मे 1942 मधलं मूळ मुद्रण वापरून वापरून झिजलं होतं. मागणी इतकी प्रचंड होती, की तबकड्या काढता काढता मूळ साचाच खराब झाला. आज डिसेंबर आला की जगभरच्या दुकानांमधून जे गाणं कानावर पडतं, ते बहुतेक वेळा हे दुसरं, 1947 चं असतं.

गायकाला स्वतःच्याच आवाजाबरहुकूम गावं लागलं, हा प्रसंग मला फार बोलका वाटतो. तोवर मुद्रित आवाज ही झिजणारी वस्तू होती. या गाण्यानंतर पाच महिन्यांत, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, बिंगच्या रेडिओ कार्यक्रमाच्या स्टुडिओत एक जर्मन यंत्र येऊन बसलं आणि आवाज साठवण्याची रीतच बदलली. बिंगला लोक गायक म्हणून, नट म्हणून ओळखतात आणि ते योग्यच आहे. पण चुंबकीय फीत, म्हणजे आपण ज्याला नुसतं 'टेप' म्हणायचो ती, प्रयोगशाळेतून आणि लष्करी लुटीतून रोजच्या वापरात आली ती याच माणसामुळे. तिचा मागोवा घ्यायचा तर आधी त्याच्या गळ्यापासून सुरुवात करायला हवी.

हॅरी लिलिस क्रॉस्बी 3 मे 1903 रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा गावी जन्मला. तो लहान असतानाच कुटुंब स्पोकेनला आलं. तिथल्या वर्तमानपत्राच्या रविवारच्या अंकात 'बिंगव्हिल ब्यूगल' नावाचं विनोदी सदर यायचं आणि या मुलाला त्याचं वेड होतं, म्हणून शेजारच्या मोठ्या मुलानं त्याला बिंगो म्हणायला सुरुवात केली. पुढे त्यातला 'ओ' गळाला. गोंझागा विद्यापीठात तो कायदा शिकत होता, पण मन अ‍ॅल रिंकर नावाच्या मित्राच्या बँडमध्ये होतं. 1925 मध्ये दोघांनी एका जुन्या फोर्डमध्ये सामान भरलं आणि लॉस एंजेलिस गाठलं. रिंकरची बहीण मिल्ड्रेड बेली तिथे गात होती, तिनं त्यांना आसरा दिला. वर्षभरातच पॉल व्हाइटमन या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या बँडप्रमुखानं दोघांना उचललं.

1925 हे साल लक्षात ठेवायला हवं. त्याच वर्षी अमेरिकेत विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याआधी गायकाला पितळी कर्ण्यात तोंड घालून जोरानं गावं लागे. त्या कंपनांच्या बळावरच सुई मेणात रेघ कोरायची. नाटकाच्या रंगमंचावरही तीच गत होती. आपल्याकडे माईक नसलेल्या नाट्यगृहात पद शेवटच्या रांगेपर्यंत पोचवताना गळा कसा तापवावा लागे, हे संगीत नाटकाच्या रसिकांना वेगळं सांगायला नको. अमेरिकेत अल जॉल्सन तसाच गायचा, हात पसरून, छातीच्या जोरावर. 6 ऑक्टोबर 1927 ला 'द जॅझ सिंगर' पडद्यावर आला आणि बोलपटांचं युग उघडलं, तेव्हा त्यात हाच मोठा, खुला आवाज होता.

माईकनं ही सक्ती संपवली. बिंगच्याही आधी जीन ऑस्टिन, 'व्हिस्परिंग' जॅक स्मिथ अशा काहींनी हलक्या आवाजात गाऊन पाहिलं होतं. पण माईक हे एक वाद्य आहे आणि ते वाजवायला शिकावं लागतं, ही समज बिंगला सर्वांत खोलवर होती. त्या काळच्या रिबन माईकमध्ये चुंबकाच्या दोन टोकांमध्ये अ‍ॅल्युमिनियमची एक सुरकुतलेली पातळ पट्टी टांगलेली असते. गाणारा जितका जवळ सरकेल, तितका खर्ज भरून येतो. बिंगचा आवाज मुळातच खालच्या पट्टीतला. तो माईकजवळ जाऊन, शब्द जवळजवळ बोलल्यासारखे सोडायचा. वरच्या सुरावर जाताना किंचित मागे सरायचा. लुई आर्मस्ट्राँगकडून तो लयीशी खेळायला शिकला होता, ओळ तालाच्या थोडी मागे ठेवायची आणि मग सहज गाठायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, हा माणूस माझ्याच खोलीत खुर्चीवर बसून गुणगुणतोय.

या गुणगुणण्याला 'क्रूनिंग' म्हणत आणि त्यावर वादळ उठलं. जानेवारी 1932 मध्ये बॉस्टनचे कार्डिनल ओ'कॉनेल यांनी हे गाणं अनैतिक असल्याचं जाहीरपणे सांगितलं. पुरुषानं असं कानाशी कुजबुजावं हे त्यांना सहन होत नव्हतं. बारा वर्षांनी, 1944 मध्ये, याच क्रूनरनं 'गोइंग माय वे' या चित्रपटात तरुण कॅथलिक धर्मगुरूची भूमिका केली आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळवलं. ज्या आवाजाला धर्मपीठावरून दूषण मिळालं, तोच आवाज धर्मगुरूच्या झग्यात लोकांना सर्वांत आश्वासक वाटला.

चित्रपटांची वाट मात्र सरळ नव्हती. व्हाइटमनवरच्या 'किंग ऑफ जॅझ' या 1930 च्या रंगीत चित्रपटात त्याला एक मोठं एकल गाणं मिळणार होतं. चित्रीकरणाच्या काळात दारू पिऊन गाडी चालवताना अपघात झाला, त्याला तुरुंगवास घडला आणि ते गाणं जॉन बोल्सकडे गेलं. मॅक सेनेटच्या छोट्या विनोदी चित्रपटांतून तो पुन्हा उभा राहिला. सप्टेंबर 1931 मध्ये सीबीएसवर त्याचा स्वतःचा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला, 1932 मध्ये पॅरामाउंटचा 'द बिग ब्रॉडकास्ट' आला आणि मग त्याची घोडदौड थांबलीच नाही. 1936 च्या 'पेनीज फ्रॉम हेवन'मध्ये लुई आर्मस्ट्राँगचं नाव श्रेयनामावलीत ठळकपणे यावं म्हणून तो आग्रही राहिला. एका कृष्णवर्णीय कलावंतासाठी त्या हॉलिवूडमध्ये ही साधी गोष्ट नव्हती, आणि माझ्या मनात बिंगबद्दल जो आदर आहे त्यातला बराच इथून येतो. 1940 पासून बॉब होप आणि डोरोथी लमूरबरोबरचे 'रोड टू सिंगापूर' वगैरे प्रवासपट, 1942 चा 'हॉलिडे इन', 1954 च्या 'द कंट्री गर्ल'मधला दारूत बुडालेला, उतरणीला लागलेला गायक. या शेवटच्या भूमिकेत त्याच्या चेहऱ्यावरची नेहमीची निवांत छटा पुसली गेलेली दिसते. माझ्या मते तो त्याचा सर्वांत खरा अभिनय.

कारण तो निवांतपणा कमावलेला होता. थोरला मुलगा गॅरी यानं 1983 च्या आपल्या पुस्तकात वडिलांच्या कडक शिस्तीबद्दल आणि मारहाणीबद्दल लिहिलं. एका धाकट्या भावाला ते चित्र मान्य नव्हतं. घरात नेमकं काय घडलं याचा निवाडा मी करू शकत नाही. पण रेडिओवर वाऱ्याच्या झुळकीसारखा वाटणारा तो सहजपणा किती नेटानं जपला जात होता, हे फितीच्या गोष्टीतूनही दिसतंच.

रेडिओ तेव्हा थेट असायचा. एनबीसी आणि सीबीएस या दोन्ही मोठ्या जाळ्यांवर मुद्रित कार्यक्रमांना जवळजवळ बंदी होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या वेळेत तीन तासांचा फरक, त्यामुळे अनेक कलावंत एकच कार्यक्रम एका रात्रीत दोनदा करायचे. बिंग 1936 पासून 'क्राफ्ट म्युझिक हॉल' हा एनबीसीचा कार्यक्रम दर गुरुवारी करत होता. दहा वर्षांनी त्याला हे ओझं वाटू लागलं. त्याला गोल्फ खेळायचं होतं, घरी वेळ द्यायचा होता, दोन-तीन भाग एकदम करून ठेवून मोकळं व्हायचं होतं. आणखी एक गोष्ट होती. चित्रपटात आणि तबकडीवर चूक झाली तर पुन्हा करता यायचं. रेडिओवर ती सोय नव्हती, आणि ती नसल्याचं त्याला खुपत होतं. एनबीसीनं नकार दिला. नव्यानं उभ्या राहिलेल्या एबीसीनं होकार दिला. 16 ऑक्टोबर 1946 ला 'फिल्को रेडिओ टाइम' सुरू झाला, आधी मुद्रित करून मग प्रक्षेपित केलेला.

मुद्रण व्हायचं 16 इंची तबकड्यांवर. त्यातला चांगला भाग निवडायचा तर एका तबकडीवरून दुसरीवर उतरवून घ्यावा लागे, कधी दुसरीवरून तिसरीवर. दर वेळी आवाज आणखी बोथट व्हायचा आणि खरखर वाढायची. ज्याची सारी पुण्याई आवाजाच्या जवळिकीत होती, तोच आता लांबून, पडद्याआडून आल्यासारखा ऐकू येऊ लागला. श्रोते घटले. श्रोतृसंख्या ठरावीक पातळीखाली गेली तर थेट प्रक्षेपणाकडे परतावं लागेल, अशी करारात अट होती.

फितीची स्वतःची वंशावळ त्याआधीच अर्धशतक मागे जाते. डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पोल्सेननं 1898 मध्ये पोलादी तारेवर चुंबकानं आवाज साठवून दाखवला होता. 1928 मध्ये ड्रेस्डेनच्या फ्रिट्झ फ्लोइमरनं कागदाच्या पट्टीवर लोखंडाची भुकटी चिकटवली. सिगारेटच्या टोकाला सोनेरी रंगाची पट्टी लावायची एक रीत त्यानं काढली होती, तीच कल्पना त्यानं इथे वापरली. एईजी कंपनीनं यंत्र घडवलं, लुडविग्सहाफेनच्या कारखान्यात फीत बनली आणि 1935 मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात 'मॅग्नेटोफोन' लोकांसमोर आला. पुढच्याच वर्षी सर थॉमस बीचम यांचा लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंद लुडविग्सहाफेनला वाजवायला गेला, तेव्हा ती मैफल फितीवर घेतली गेली. आवाज मात्र अजून खरखरीत होता. 1940 मध्ये जर्मन रेडिओच्या अभियंत्यांना कळलं, की मुद्रण करताना कानाला ऐकू न येणारा उच्च कंपनांचा प्रवाह सोबत सोडला तर खरखर जवळजवळ नाहीशी होते. युद्ध सुरू असल्यामुळे ही बातमी अमेरिकेपर्यंत पोचली नाही.

1944 मध्ये जॅक मलिन नावाचा अमेरिकन लष्करी अभियंता इंग्लंडमध्ये रात्रपाळी करत होता. बीबीसी मध्यरात्री बंद व्हायची, म्हणून तो जर्मन स्टेशन लावायचा. रात्री दोन वाजता पूर्ण वाद्यवृंद वाजतोय, आणि तबकडीची एकही टिकटिक नाही! एवढे वादक अपरात्री कोण जागवत असेल, हा प्रश्न त्याला सोडेना. त्याच वर्षी बिंगही लंडनमध्ये होता. उच्चार लिहून घेऊन, त्याबरहुकूम जर्मन वाचत, तो रेडिओवरून जर्मन सैनिकांशी बोलत होता आणि तिकडे त्याचं नाव 'डेर बिंगल' पडत होतं. एकाचा आवाज जर्मनीकडे चालला होता, दुसऱ्याच्या कानात जर्मनीतून फीत येत होती, आणि दोघांची अजून ओळखही नव्हती.

1945 मध्ये मलिनला उत्तर सापडलं. फ्रँकफर्टजवळ एका कामगिरीवर असताना एका ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याला बाड नाउहाइमच्या रेडिओ स्टुडिओतल्या यंत्राबद्दल सांगितलं. परतीच्या वाटेवर एका फाट्याशी त्यानं गाडी तिकडे वळवली. तिथल्या माणसानं फीत लावली आणि समोर वाद्यवृंद बसलाय की यंत्र वाजतंय, हे मलिनला ओळखता येईना. सैनिकांना घरी आठवणीच्या वस्तू टपालानं पाठवायची मुभा होती. त्यानं दोन यंत्रं सुटी केली, भाग छोट्या छोट्या पेट्यांत भरले आणि फितीच्या 50 रिळांसह सॅन फ्रान्सिस्कोला पाठवून दिले. घरी येऊन पुन्हा जोडले, विद्युत्-भाग नव्यानं बांधले आणि 16 मे 1946 ला रेडिओ अभियंत्यांच्या सभेत वाजवून दाखवले.

1947 च्या उन्हाळ्यात बिंगच्या माणसांनी हे यंत्र ऐकलं. ऑगस्टमध्ये नव्या हंगामाच्या पहिल्या भागाचं मुद्रण होतं, तिथे मलिनला बोलावलं. कार्यक्रम झाल्यावर त्याला सांगितलं, आता कापाकापी करून दाखव.

इथे थोडं थांबायला हवं, कारण इथेच नवं काहीतरी घडलं. त्या यंत्रावर फीत सेकंदाला 30 इंच धावायची. म्हणजे एक सेकंदाचा आवाज अडीच फूट लांब. गायकानं घेतलेला अर्ध्या सेकंदाचा श्वास म्हणजे सव्वा फूट फीत, हातात धरता येईल अशी. मलिननं दोन्ही स्पूल हातानं मागेपुढे फिरवत शब्द नेमका कुठे सुरू होतो ते कानानं शोधलं, फितीवर खूण केली, कात्रीनं कापलं आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली. अडखळलेला शब्द जमिनीवर पडला. तालमीतलं चांगलं कडवं उचलून कार्यक्रमात बसलं. आणि कापाकापीसाठी तबकडीवरून तबकडीवर उतरवून घेणं नाही, त्यामुळे आवाज ताजा राहिला. तबकडीवर कोरलेला काळ जागचा हलत नव्हता, फितीवरचा काळ शिंप्याच्या कापडासारखा बेतता येऊ लागला. 1 ऑक्टोबर 1947 ला तो भाग प्रसारित झाला. तो संपूर्ण हंगाम मलिननं जर्मनीहून आणलेल्या त्याच 50 रिळांवर, पुसून पुन्हा वापरत काढला. जोड देऊन देऊन त्या फिती ठिगळांच्या झाल्या असतील, पण ऐकणाऱ्याला एकही टाका कळला नाही.

त्या कापाकापीतून एक अनाहूत अपत्यही जन्मलं. बॉब बर्न्स या विनोदी नटानं एकदा शेतावरचे काही चावट किस्से सांगितले. ते प्रसारित करण्यासारखे नव्हते, म्हणून कापले. पण त्यावर उठलेला हशा मलिननं जपून ठेवला. काही आठवड्यांनी एका भागातले विनोद पडले, तेव्हा तो हशा तिथे जोडला. दूरचित्रवाणीवरच्या मालिकांमधलं भाडोत्री हसू इथून सुरू होतं.

दोन जुनी यंत्रं किती दिवस पुरणार? सॅन कार्लोसमध्ये अलेक्झांडर पोनियाटॉफ या रशियन स्थलांतरिताची 'अँपेक्स' नावाची छोटी कंपनी होती. युद्धात तिनं रडारसाठी विजेच्या मोटारी केल्या होत्या आणि आता काम शोधत होती. तिनं मॅग्नेटोफोनवरून नवं यंत्र घडवायला घेतलं, पण बँका पैसे देईनात. तेव्हा एक दिवस टपालानं साधं पाकीट आलं, त्यात पत्र नव्हतं, फक्त बिंग क्रॉस्बीचा 50,000 डॉलरचा धनादेश होता, असं त्या उद्योगात आजही सांगतात. 1948 मध्ये अँपेक्स 200 तयार झालं. पहिली दोन यंत्रं मलिनकडे, म्हणजे बिंगच्याच कार्यक्रमाकडे आली.

पुढची पिढी भराभर वाढली. गिटारवादक लेस पॉल हा बिंगचा जुना साथीदार. 1949 मध्ये बिंगनं त्याला एक अँपेक्स भेट दिलं. लेस पॉलनं त्यात एक जादा हेड बसवलं आणि स्वतःच्याच वादनावर पुन्हा पुन्हा वाजवत एकट्यानं अख्खा वाद्यवृंद उभा केला. पुढे अनेक मार्गिकांवर वेगवेगळं मुद्रण करून गाणं बांधायची जी पद्धत जगभर रुळली, तिचा हा उगम. 1951 मध्ये मलिननं बिंगच्याच कंपनीत फितीवर चित्र साठवून दाखवलं. ते धूसर होतं. 1956 मध्ये अँपेक्सनं ते काम पुरं केलं. त्या गटात रे डॉल्बी नावाचा विशीतला तरुण होता. 1963 ते 1965 तो युनेस्कोतर्फे भारतात, चंडीगडला, सल्लागार म्हणून राहिला. फितीची उरलीसुरली खसखस घालवायची त्याची कल्पना त्याच मुक्कामात आकाराला आली आणि 1965 मध्ये त्यानं लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. 1963 मध्येच फिलिप्सनं फीत खिशात मावेल एवढ्या डबीत घातली होती.

ही वंशावळ इथे आपल्या घरात शिरते. माझ्या मामाकडे स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. सुटकेसएवढा, उचलायला दोन माणसं लागायची. घरगुती मैफल असली की तो तंबोऱ्यांच्या मागे ठेवला जाई आणि तपकिरी फीत डाव्या चाकावरून उजव्या चाकावर निमूटपणे सरकत राही. फीत तुटली की मामा दाढीचं ब्लेड घ्यायचा, दोन्ही टोकं एकावर एक ठेवून तिरकी कापायचा. तिरकी का, विचारल्यावर म्हणाला होता, "सरळ कापलं तर सूर ठेचकाळतो रे." महाराष्ट्रात कितीतरी बैठकींचं गाणं अशा हौशी माणसांच्या स्पूलांमुळेच राहिलंय. कंपन्यांच्या तीन मिनिटांच्या तबकडीत जो विलंबित ख्याल कधीच मावला नसता, तो या फितीनं अख्खा सांभाळला. बिंगचं नाव मामाला बहुधा माहीतही नव्हतं.

14 ऑक्टोबर 1977 ला माद्रिदजवळच्या गोल्फ मैदानावर डाव संपवून परतताना बिंग कोसळला आणि गेला. त्यानंतर बत्तीस वर्षांनी, डिसेंबर 2009 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या त्याच्या घरातल्या मद्याच्या तळघरात फिल्मचे पाच डबे सापडले. तो पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचा भागीदार होता. 13 ऑक्टोबर 1960 ला न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध अजिंक्यपदाचा सातवा, निर्णायक सामना होता आणि बिंगला तो बघवेना, इतकी त्याला धाकधूक होती. तो पॅरिसला निघून गेला. जाताना एका कंपनीला सांगून गेला, की दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून सामना फिल्मवर उतरवून ठेवा. पायरेट्स शेवटच्या डावात 10-9 नं जिंकले. परत येऊन त्यानं तो सावकाश, निकाल माहीत असताना पाहिला आणि डबे फळीवर ठेवून दिले. त्या काळी फीत महाग होती. दूरचित्रवाणी कंपन्या ती पुसून पुन्हा वापरायच्या, अगदी मलिनसारख्या, आणि त्यात तो सामना कुठेच उरला नव्हता. संपूर्ण स्वरूपात तो फक्त बिंगच्या तळघरात होता, कोरड्या, थंड अंधारात, बाटल्यांशेजारी.